शंभरपैकी डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना कुठलीही गोष्ट नुसती चांगली किंवा नुसती वाईट म्हणता येत नसे. ते मार्क देत, शंभरपैकी. रोग्याची छाती तपासून झाली, जीभ बघून झाली, की कानातली नळी काढत ते म्हणत, "तब्येतीला बेचाळीस. परवा तीस होते. म्हणजे पास झालात. औषध मात्र चालू ठेवा." नवखा रोगी गोंधळून जाई. जुने रोगी घरी जाऊन बायकोला सांगत, की आज बेचाळीस मिळाले, आणि मग ती बिचारी मऊ भाताऐवजी पोळी वाढायला हरकत नाही असं समजे. अंधेरीला, स्टेशनपासून जरा आत, आमच्या बिऱ्हाडाशेजारच्या बैठ्या घरात पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता आणि मागच्या दोन खोल्यांत डॉक्टर आणि काकू राहत. आळीतली पोरं त्यांना पाठीमागे 'शंभरपैकी डॉक्टर' म्हणत. मोठी माणसंही म्हणत, फक्त आवाज जरा खाली आणून.

त्यांचा हात फार आखडता होता. साठाच्या पुढे जाणं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. एकदा काकूंनी फोडणीचा भात केला होता. मीही तिथंच ताटलीत घेऊन बसले होते. डॉक्टरांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "अठ्ठावन्न. मीठ थोडं कमी आहे." काकू म्हणाल्या, "मिठाचे दोन कापा. बाकीचे चाळीस कुठे गेले?" डॉक्टर विचारात पडले. "ते अजून चांगला भात होऊ शकतो त्याच्यासाठी राखून ठेवलेत," ते म्हणाले. "मग उद्या परीक्षकांनीच करावा," असं म्हणून काकू आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्थात काकूंनीच केला आणि त्याला पंचावन्न मिळाले.

दारावरच्या पाटीत त्यांच्या नावापुढे 'एल.सी.पी.एस.' अशी अक्षरं होती. ती एम.बी.बी.एस.पेक्षा खालची, हे आम्हां मुलांनाही माहीत होतं. समोरच्या रस्त्यावर एका तरुण एम.बी.बी.एस. डॉक्टरांनी नवा दवाखाना उघडला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी जाऊन त्यांना नारळ दिला आणि परत येऊन म्हणाले, "पाटी सुरेख आहे. माझ्या पाटीला छत्तीस धरा." ते हे काही रडत सांगत नसत. तरुणपणी त्यांना मोठ्या मेडिकल कॉलेजात जायचं होतं आणि मार्क कमी पडले, इतकंच. कोणी विचारलं तर तसंच सांगत. "कमी पडले. थोडे नाही, चांगलेच कमी पडले." वर हसतही. पण मार्कांनी त्यांची पाठ सोडली नव्हती हे खरं, आणि त्यांनीही मार्कांची सोडली नव्हती.

म्हणून तर परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या दवाखान्याला वेगळाच रंग चढे. तेव्हा मॅट्रिकनंतर दोन वर्षं कॉलेज करून इंटर सायन्सची परीक्षा द्यावी लागे, आणि मेडिकलला जागा मिळणार की नाही ते त्या मार्कांवर ठरे. अंधेरी-पार्ल्याची मेडिकलला जायला निघालेली मुलं पेपर संपला की घरी न जाता थेट डॉक्टरांकडे येत. डॉक्टर प्रश्नपत्रिका टेबलावर पसरत, औषधांच्या बाटल्या एका बाजूला सारत आणि लाल पेन्सिल कानावर अडकवून म्हणत, "हं, पहिला प्रश्न. काय लिहिलंस ते लिहिलंस तसं सांग. आता सुचलेलं सांगू नकोस." मग प्रत्येक उत्तराला मार्क, आणि शेवटी बेरीज. ती बेरीज जूनमधल्या निकालाशी इतकी जुळे, की पालक निकालापेक्षा तिलाच जास्त घाबरत. धाकूमामा म्हणून एक गिरणीतून निवृत्त झालेले मालवणी गृहस्थ पोटाच्या तक्रारीसाठी कायम तिथं बाकावर असत. मुलगा अडखळायला लागला की त्यांचा जीव कळवळे. "डाक्टरांनू, तेका आधी पास करून टाका. माझ्या पोटाचा मगे बघा," ते म्हणत. डॉक्टर त्यांना गप्प बसायची खूण करत.

आया हळूच विचारत, "डॉक्टर, सगळं मार्कांवरच असतं का हो? मुलगा किती मायाळू आहे, आजीचे पाय चेपतो." डॉक्टर शांतपणे सांगत, "मेडिकलच्या दारापर्यंत सगळं मार्कांवर. दाराच्या आत त्यांना कोणी विचारत नाही. पण आधी दार येऊ द्या." हे ऐकून आयांचं समाधान होत नसे. मला मात्र ते बोलणं आवडे, कारण बाकीचे सगळे एकतर मार्क म्हणजेच सर्वस्व म्हणत किंवा मार्कांत काय आहे म्हणत, आणि दुसरं म्हणणाऱ्यांची मुलं बहुधा नापास झालेली असत.

मीही त्या वाटेवरचीच होते. माझं नाव कुमुद, पण डॉक्टर मला 'कुमे' म्हणत. लहानपणी गोवराच्या तापात त्यांनी मला एकदा अकरा मार्क दिले होते, तेव्हापासून आमची ओळख. आमचे अण्णा फोर्टात एका कचेरीत कारकून होते. मुलींनी शिकू नये असं त्यांचं मत नव्हतं, पण किती शिकावं याबद्दल मत होतं. इंटरला बसताना त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मेडिकल मिळालं तर जा, मी आडवा येणार नाही. नाही मिळालं तर पुढे नुसतं बी.एस्सी. वगैरे काही नको. मुलुंडच्या मंडळींना मी जूनमध्ये कळवतो म्हटलंय." मुलुंडची मंडळी म्हणजे एक चांगलं स्थळ होतं. मुलगा नोकरीत होता, निर्व्यसनी होता, दिसायला बरा होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला फक्त डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते कधीपासून, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. त्या दवाखान्यातल्या कार्बोलिकच्या वासात बसता बसता कधीतरी ठरून गेलं असावं.

फिजिक्सचा पेपर सुरुवातीलाच होता. पेपर वाईट गेला होता, आणि त्या वर्षी डॉक्टरांकडे पेपर घेऊन जाणारी मी एकटीच होते. कशीबशी दवाखान्यात आले. डॉक्टरांनी बाटल्या बाजूला सारल्या. लेन्सचं गणित आलं तेव्हा माझं उत्तर ऐकून ते म्हणाले, "चिन्ह?" तिथंच माझी चूक झाली होती. अधिकच्या ठिकाणी उणे. पुढच्या गणितातही तीच चूक. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला जेवढे द्यायचे तेवढेच दिले, एकही वर सरकवला नाही, आणि बेरीज केली. "अडतीस," ते म्हणाले.

तेव्हा मेडिकलवाल्या मुलांत ड्रॉप घ्यायची पद्धत होती. एखादा पेपर फार वाईट गेला की उरलेल्या पेपरांना बसायचंच नाही, आणि पुढच्या वर्षी सगळी परीक्षा नव्याने द्यायची. एकदा पुरतं बसून कमी मार्क घेतले की ते कपाळावर कायमचे बसतात, पुन्हा बसणाऱ्याला मागे ढकलतात, असं सगळे म्हणत. खरंखोटं कोणी तपासून पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. मग म्हणाले, "कुमे, ड्रॉप घे. अडतीसवर मेडिकल नाही. बायॉलॉजीत तू कितीही मिळवलेस तरी हे भरून निघणार नाही. पुढच्या वर्षी स्वच्छ बस." मी म्हटलं, "अण्णा?" ते म्हणाले, "त्यांच्याशी मी बोलतो." आणि ते बोलले. डॉक्टर सांगताहेत म्हटल्यावर अण्णांनी मान डोलावली. मुलुंडला काय कळवायचं ते जूनमध्ये बघू म्हणाले, आणि त्या म्हणण्यात मला काही फारसा धीर वाटला नाही.

बायॉलॉजी हा माझा हातखंडा विषय. त्या पेपराच्या वेळी मी गच्चीत आईने घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकत बसले होते. आई मधूनच वर येऊन बघून जाई. एकदा फक्त म्हणाली, "ऊन फार आहे गं, डोक्यावर पदर घे." मी पदर घेतला आणि त्याच्याआड पोटभर रडून घेतलं.

जूनमध्ये निकाल लागले. त्या संध्याकाळी मी आईचं औषध आणायला दवाखान्यात गेले होते. माझ्या वर्गातला वसंता पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला. वसंताचे वडील फार हट्टी, त्यांचा डॉक्टरांच्या बेरजांवर विश्वास नव्हता आणि त्यांनी मुलाला कधी तिथं पाठवलं नव्हतं. म्हणून तर तो पेढे द्यायला मुद्दाम आला होता, जरा छाती काढून. "काका, मेडिकल मिळणार. सगळे म्हणतात, नक्की मिळणार." डॉक्टरांनी पेढा हातात घेतला. "शाबास. फिजिक्स कसं काय जमलं? लेन्सचं गणित?" वसंता हसला. "चुकलं की! चिन्हात चूक केली. दुसरंही चुकलं. अहो काका, सगळ्यांचीच वाट लागली होती त्या पेपरात. फिजिक्सला कोणालाच मार्क नाहीत. जो तो माझ्यासारखाच, मग काय बिघडलं?"

मग त्याची नजर माझ्याकडे गेली. तो पुडा टेबलावर ठेवून निघून गेला. डॉक्टरांच्या हातातला पेढा तसाच होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कुमे, मी तुझा एकटीचा पेपर तपासला गं. सगळ्यांचा तपासायला हवा होता." मी आईचं औषध उचललं आणि बाहेर पडले. मला त्यांचा राग आला होता. इतका राग मला त्याआधी कोणाचाच आला नव्हता. त्यांनी मला अडतीस दिले याचा नव्हता, ते बरोबरच होते. त्यांनी मला घरी बसवलं याचा होता. आपल्याला किती मिळाले याला मेडिकलमध्ये अर्थ नसतो, आपल्या पुढे किती जण उभे आहेत ते बघतात, ही एवढीशी गोष्ट आयुष्यभर मार्क मोजणाऱ्या माणसाला सुचू नये याचा होता.

डॉक्टर त्याच दिवशी दवाखाना आटोपल्यावर आमच्या घरी आले. अण्णांनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी तिच्या मागे. "अण्णासाहेब," ते म्हणाले, "चूक माझी झाली. कुमुद पुढच्या पेपरांना बसली असती तर आज या घरात पेढे असते."

अण्णा सज्जन माणूस. ते म्हणाले, "अहो डॉक्टर, नशीब असतं एकेकाचं."

"नशिबाच्या नावावर घालू नका. मी सांगितलं म्हणून ती घरी बसली. मी बोललो नसतो तर ती गेली असती. सरळ आहे."

शेजारच्या बिऱ्हाडातून लोक कान देऊन ऐकत होते. डॉक्टरांना ते दिसत होतं. त्यांनी आवाज खाली आणला नाही. अण्णांनी पंच्याने कपाळ पुसलं. "पण आता काय करायचं? मुलुंडला मी जूनचं सांगितलंय. त्यांना किती दिवस ताटकळत ठेवू?"

"एक वर्ष मागतोय तुमच्याकडे. हिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी द्या. मुलुंडला तुम्ही जाऊ नका, मी जातो."

आणि खरोखर गेले. रविवारी सकाळी स्वच्छ धोतर, काळा कोट आणि टोपी घालून निघाले. मुलुंडला मुलाच्या काकांसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, म्हणजे मुलगी हुशार आहे, तिचं वर्ष वाया गेलं आणि ते आपल्यामुळे गेलं, तर लग्न वर्षभर थांबवता येईल का. काका भले गृहस्थ असावेत. त्यांनी चहा दिला, विचार करतो म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात निरोप पाठवला की आम्हांला थांबता येणार नाही, क्षमा असावी. आई दोन दिवस रडली. अण्णा मला म्हणाले, "एक वर्ष. पुढच्या जूनमध्ये मात्र मी डॉक्टरांचंही ऐकणार नाही." म्हणजे आता माझ्याजवळ मेडिकलही नव्हतं आणि मुलुंडही नव्हतं, आणि पुढच्या वर्षी पहिलं मिळालं नाही तर दुसरं आणखी कुठलंसं शोधणार हे ठरलेलं होतं.

त्यानंतर डॉक्टरांनी मार्क देणं बंद केलं. कोणाला काही सांगितलं नाही, नुसतं बंद केलं. आळीत घबराट झाली. धाकूमामा दुसऱ्याच दिवशी बाकावरून उठून पुढे आले, पोट तपासून घेतलं आणि वाट बघत उभे राहिले. "माझे किती?" त्यांनी शेवटी विचारलं. "बरे आहात. तेवढं पुरे," डॉक्टर म्हणाले. मामांचा चेहरा पडला. बाहेर येऊन ते सगळ्यांना सांगत सुटले, "माझा काय खरा दिसत न्हाय. डाक्टर मार्क सांगाक तयार न्हाय." एक बाई तर समोरच्या एम.बी.बी.एस.कडे जाऊन आपला ताप पुन्हा तपासून आली. काकूंचं वेगळंच. त्या एकदा मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाल्या, "काल म्हणाले, भात चांगला झालाय. अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, 'चांगला' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला तर बाई धसकाच बसला."

माझा राग काही महिने टिकला. मी कॉलेजला जाताना त्यांच्या दारावरून मान खाली घालून जाई. ते हाक मारत नसत. दिवाळीत काकूंनी फराळाला बोलावलं म्हणून गेले आणि मग जात राहिले. डॉक्टर दुपारी दवाखाना बंद असताना मला आतल्या खोलीत फिजिक्सची गणितं सोडवायला बसवत. उत्तर तपासता येई, पण त्यांना स्वतःला ती नीट सोडवता येत नसत. "मला समजावून सांग," ते म्हणत, आणि मी सांगितलेलं त्यांना समजलं नाही की पुन्हा सांगायला लावत. त्यांना सांगता सांगता ती चिन्हं माझ्या डोक्यात पक्की बसली.

संध्याकाळी कधी मी दवाखान्यात रेंगाळत असे. एकदा एक बाई मुलाला घेऊन आली. मुलाच्या घशात पांढरट पडदा दिसत होता. मी पुस्तकात वाचलं होतं ते जीवघेण्या रोगाचं नाव मोठ्याने उच्चारलं, जरा मिरवतच. ती बाई जागच्या जागी खाली बसली. डॉक्टरांनी तिला धरून उठवलं, घोड्याची व्हिक्टोरिया बोलावली, मुलाला हॉस्पिटलात न्यायची व्यवस्था केली, स्वतः बरोबर गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "नाव बरोबर होतं. आईच्या तोंडाकडे बघून मग नाव घ्यायचं असतं. हे तुला कुठल्याच पेपरात विचारणार नाहीत, म्हणून आत्ता सांगून ठेवतो." मुलगा वाचला. त्या प्रसंगानंतर मला दवाखान्यातच बसावंसं वाटायला लागलं. तर त्यांनी मला हाकललंच. "इथं जे शिकशील ते मेडिकलला गेल्यावर उपयोगी पडेल. आधी मेडिकलला जा. ऊठ. लेन्स."

पुन्हा एप्रिल आला. फिजिक्सचा पेपर देऊन मी बाहेर पडले आणि सवयीने पाय दवाखान्याकडे वळले. पेपर बरा गेला नव्हता. चिन्हं बरोबर होती, पण एक पूर्ण प्रश्न राहून गेला होता. बाकावर त्या वर्षीची दोन मुलं आशेने बसली होती. डॉक्टरांनी त्यांना आल्या पावली घरी पाठवलं. मग माझ्या हातातल्या गुंडाळलेल्या प्रश्नपत्रिकेकडे त्यांची नजर गेली. त्यांचा हात पुढे आला. बोटं त्या कागदाला लागलीसुद्धा. मग त्यांनी हात मागे घेतला, खलबत्ता ओढला आणि कसलीशी पूड कुटायला लागले. "केमिस्ट्री कधी आहे?" त्यांनी खाली बघत विचारलं. "परवा." "मग इथं काय करतेस? घरी जा." मला वाटलं, त्यांनी विचारावं, बेरीज करावी, काय ते एकदा सांगून टाकावं. मी उभीच राहिले. ते कुटत राहिले. मी घरी गेले आणि केमिस्ट्री उघडली. सगळे पेपर दिले. बायॉलॉजीच्या पेपरात बेडकाच्या रक्ताभिसरणाची आकृती काढताना मला इतका आनंद झाला होता, की पुरवणी मागायला उठले तेव्हा सुपरवायझर माझ्याकडे बघतच राहिल्या.

निकाल लागला. फिजिक्स यथातथाच, बायॉलॉजीने सावरलेलं. मेडिकल कॉलेजच्या बोर्डावर नावं लागायची होती त्या दिवशी अण्णांना रजा मिळाली नाही. डॉक्टर माझ्याबरोबर आले. कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "तू बघून ये. मी इथंच थांबतो." मी म्हटलं, "आत या ना." ते म्हणाले, "नको. तिथं वाचायला मी नको." रस्त्याकडे तोंड करून ते उभे राहिले. बोर्डापाशी ही गर्दी. माझं नाव खालून वर वाचणाऱ्याला लवकर सापडावं अशा जागी होतं. पण होतं. मी पुन्हा वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, आडनाव वाचलं, मग धावत फाटकाशी आले.

"मिळाली," मी म्हटलं.

त्यांनी काहीच विचारलं नाही. कितवी आहेस, किती मार्कांवर आत आलीस, काही नाही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि जवळच्या इराण्याकडे नेऊन मला ब्रून मस्का खायला घातला. स्वतः नुसता चहा घेतला. तो बशीत ओतून प्यायला लागले. "डॉक्टरकाका," मी म्हटलं, "त्या वर्षी मला तुमचा फार राग आला होता." ते म्हणाले, "यायलाच हवा होता." आणि मग, बशी खाली ठेवून, "अजून आहे?" मी म्हटलं, "नाही." खरंच नव्हता.

मी डॉक्टर झालेली त्यांनी पाहिली नाही. मी तिसऱ्या वर्षाला असताना ते गेले, दवाखान्यातच, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला आळीतले सगळे आणि समोरचे एम.बी.बी.एस. डॉक्टर होते. पुढे मी बोरिवलीला दवाखाना थाटला. माझ्याकडेही आईबाप मुलांच्या गुणपत्रिका घेऊन येतात आणि विचारतात, मार्कांवरच असतं का हो सगळं? मी दाराबद्दल त्यांनी सांगितलेलं सांगते. कुणाच्या पेपराची बेरीज करून द्यायला मात्र मी कधीच तयार झाले नाही, आणि कुणी ड्रॉप घ्यायचं म्हणालं तर त्याला बसवून घेऊन तासभर ओरडते.

पण डॉक्टरांची आठवण काढली की मला नेहमी आठवते ती त्या बोर्डाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. अण्णांनी आणलेले पेढे घेऊन मी लवकरच त्यांच्याकडे निघाले. दवाखान्याचं दार बंद होतं. बाहेर ओट्यावर रोगी बसले होते, एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, धाकूमामा भिंतीला टेकून बसले होते, आणि सगळे अगदी कुजबुजत बोलत होते. मी पायरीशीच थांबले. काकू मागच्या दाराने बाहेर आल्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"निजलेत," त्या म्हणाल्या. "गेलं वर्षभर पहाटे उठून अंथरुणात बसायचे. त्या पोरीचं काय होणार, म्हणायचे. मी आज उठवणार नाही. कोणी आलं तरी उठवणार नाही."

कोणी उठवा म्हणालंच नाही. मी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन ओट्यावर रोग्यांच्या रांगेत बसले. आतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. उन्हं ओट्यावर चढली, कडेवरचं मूल झोपून गेलं, आणि आम्ही सगळे गप्प बसून राहिलो.